सरपणाची चोरी

१८४२ सालच्या ऑक्टोबरमध्ये कोलोन शहरातल्या ‘ऱ्हायनिशे त्साइटुंग’ या दैनिकात एक लेखमाला सुरू झाली. लेखकाचे नाव छापलेले नव्हते, ‘एका ऱ्हाइनवासीयाकडून’ एवढाच उल्लेख होता. तो ऱ्हाइनवासी म्हणजे कार्ल मार्क्स. वय चोवीस, तत्त्वज्ञानातली डॉक्टरेट नुकतीच पदरात पडलेली, आणि त्याच महिन्यात या दैनिकाची संपादकीय जबाबदारी अंगावर आलेली. त्याचा विषय होता जंगलात पडलेल्या वाळक्या काटक्या.

प्रशियाच्या राज्यात ऱ्हाइन हा एक प्रांत होता. तिथल्या गरीब कुटुंबांची चूल पिढ्यान्‌पिढ्या जंगलातल्या सरपणावर पेटत आली होती. उभे झाड तोडायचे नाही, पण वाऱ्याने मोडून पडलेल्या फांद्या बायकापोरांनी वेचून मोळी बांधून न्यायची, ही वहिवाट होती. कागदावर तिची नोंद नव्हती आणि कुणाला ती करण्याची गरजही वाटली नव्हती. मग लाकडाला बाजारात भाव येऊ लागला. कारखाने, बांधकामे, पुढे रेल्वे, सगळ्यांनाच लाकूड हवे होते. कालपर्यंत ज्या काटक्यांकडे मालक ढुंकूनही पाहत नव्हता, त्या आता त्याच्या हिशेबवहीत येऊन बसल्या. १८३६ साली प्रशियात भरलेल्या सुमारे दोन लाख सात हजार खटल्यांपैकी दीड लाखाच्या आसपास खटले लाकूडचोरीचे आणि जंगलविषयक अपराधांचे होते. एखाद्या राज्यातले चारपैकी जवळजवळ तीन खटले जंगलाशी निगडित असतील, तर तिथली माणसे एकाएकी चोर झाली की चोरीची व्याख्या बदलली, हे विचारायलाच हवे.

१८४१ मध्ये डसेलडोर्फला भरलेल्या प्रांतसभेपुढे नव्या कायद्याचा मसुदा आला. वाळके लाकूड वेचणे आणि उभे झाड तोडून नेणे या दोन्हींना त्यात एकाच पंगतीला बसवून ‘चोरी’ म्हटले होते. या शब्दाला एका सदस्याने हरकत घेतली, पण ती टिकली नाही. टिकणार तरी कशी? प्रांतसभेवर निवडून यायला जमीनमालकी ही पूर्वअट होती. काटक्या वेचणाऱ्यांचा एकही माणूस त्या सभागृहात बसू शकत नव्हता.

मार्क्सने मसुद्यातले एकेक कलम तपासले. सापाने टाकलेली कात जशी सापाची राहत नाही, तशी गळून पडलेली काटकी झाडाची राहत नाही. मग ती झाडाच्या मालकाची कशी, असा त्याचा साधा युक्तिवाद होता. पण त्याचा खरा रोख पुढच्या कलमांवर होता. चोरलेल्या लाकडाची किंमत कोण ठरवणार? ज्याने चोर पकडला तोच वनरक्षक, आणि तो तर जंगलमालकाच्या पगारावर. दंड कुणाच्या खिशात जाणार? मालकाच्याच. दंड भरायला पैसे नसतील तर? मालकासाठी राबायचे. म्हणजे ज्याची काटकी गेली त्याला काटकीची किंमत, वर दंड आणि वर फुकटची मजुरी. मालकाला चोरीतून तोटा होण्याऐवजी मिळकतच व्हावी, अशी ही रचना होती.

त्याच चर्चेतला एक बारकावा मार्क्सने टिपून ठेवला आहे. गरिबांची पोरे जंगलात रानफळे वेचून घराला चार पैशांचा हातभार लावीत. त्यावरही बंदी हवी, असे म्हणताना एका सदस्याने कारण दिले की, आपल्या भागात ही फळे आता व्यापाराची वस्तू झाली आहेत, पिंपे भरभरून हॉलंडला जातात. वस्तूला बाजारभाव आला की ती वेचणारे मूल गुन्हेगार ठरते, हे त्या सभागृहात इतक्या उघडपणे बोलले गेले.

पुढे १८५९ मध्ये एका ग्रंथाच्या प्रस्तावनेत मार्क्सने स्वतःच सांगितले की, भौतिक हितसंबंधांच्या प्रश्नावर बोलण्याची वेळ आपल्यावर प्रथम आली ती या दिवसांत. अर्थशास्त्राकडे त्याला ढकलणाऱ्या पहिल्या विषयांत ही सरपणाची मोळी होती.

आधी जमीन गेली, मग फटके आले

मार्क्सने गुन्ह्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला नाही. त्याचे विचार लेखांत, टिपणांत आणि ‘भांडवल’च्या काही प्रकरणांत विखुरलेले आहेत. त्यांतले सर्वांत भेदक पान १८६७ च्या पहिल्या खंडात, इंग्लंडच्या भटक्यांविषयीच्या कायद्यांवर आहे.

पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्लंडमधल्या जमीनदारांनी शेते आणि गावच्या सामाईक कुरणांना कुंपणे घालायला सुरुवात केली. लोकरीला भाव होता, मेंढ्या पाळणे फायद्याचे होते. हजारो कुटुंबे जमिनीवरून उठली. शहरांतले धंदे इतक्या माणसांना सामावून घेण्याइतके वाढले नव्हते, त्यामुळे ही माणसे रस्त्यावर आली. मग रस्त्यावर असणे हाच अपराध ठरला. आठव्या हेन्रीच्या १५३० च्या कायद्याने म्हाताऱ्या आणि अपंग भिकाऱ्यांना परवाने दिले. धडधाकट भटक्यांना मात्र गाडीच्या मागे बांधून अंगातून रक्त येईपर्यंत फटके. सहाव्या एडवर्डच्या १५४७ च्या कायद्याप्रमाणे काम नाकारणारा माणूस त्याची खबर देणाऱ्याचा गुलाम व्हायचा. पळून गेला तर डागणी आणि जन्मभराची गुलामी, तिसऱ्यांदा पळाला तर फाशी.

मार्क्सच्या मांडणीचा गाभा इथे दिसतो. ज्यांनी जमिनी बळकावल्या त्यांच्या कृत्यावर पुढे कायद्याचेच शिक्कामोर्तब झाले, आणि ज्यांची जमीन गेली त्यांच्या पाठीवर त्याच कायद्याचे वळ उठले. मजुरीवर जगण्याची शिस्त माणसाच्या अंगी जन्मतः नसते. ती चाबकाने लावली गेली, असे तो म्हणतो.

अठराव्या शतकात हीच कथा पुढे सरकते. १६८८ च्या सुमारास इंग्लंडमध्ये फाशीची शिक्षा असलेले गुन्हे पन्नासेक होते, १८२० पर्यंत ते दोनशेच्या वर गेले. वाढलेले बहुतेक गुन्हे मालमत्तेविरुद्धचे होते. १७२३ चा ‘ब्लॅक ॲक्ट’ तर एका फटक्यात पन्नासभर नवे अपराध फाशीच्या यादीत घालून गेला. तोंडाला काळे फासून राखीव जंगलात हरणाची शिकार करणे, तळ्याचा बांध फोडणे, बागेतले झाड तोडणे, हे सगळे त्यात होते. लंडनच्या गोदीत जहाज बांधणारे कामगार कामातून उरलेले लाकडाचे तुकडे घरी नेत आणि तो मजुरीचाच भाग समजत. हळूहळू तीही चोरी ठरली. १७९८ मध्ये थेम्स नदीवर जे पोलीस दल उभे राहिले, त्याच्या खर्चाचा मोठा वाटा वेस्ट इंडीजशी साखरेचा व्यापार करणाऱ्यांनी उचलला होता. ई. पी. थॉम्पसन, डग्लस हे, पीटर लाइनबॉ या इतिहासकारांनी १९७० च्या दशकापासून जुनी न्यायालयीन दप्तरे उलगडून हा इतिहास पुढे आणला.

गुन्ह्याची मुळे आणि शिक्षेचा भाव

कायदा कोण करतो, हा एक प्रश्न झाला. माणूस कायदा का मोडतो, हा दुसरा. त्याला हात घातला फ्रेडरिक एंगल्सने. मँचेस्टरच्या कामगार वस्त्या पायी पालथ्या घालून त्याने १८४५ मध्ये इंग्लंडच्या कामगारवर्गाच्या स्थितीवरचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात इंग्लंड आणि वेल्समधल्या अटकांचे आकडे आहेत. १८०५ मध्ये ४,६०५ आणि १८४२ मध्ये ३१,३०९. सदतीस वर्षांत जवळजवळ सातपट. याच काळात पोलीस दले नव्याने उभी राहत होती, त्यामुळे आकड्यांतली काही वाढ पकडणाऱ्यांच्या वाढीचीही असणार, हे ध्यानात ठेवायला हवे. एंगल्सचा निष्कर्ष मात्र आकड्यांपलीकडचा आहे. चोरी हे कामगाराच्या असंतोषाचे पहिले, सर्वांत ओबडधोबड आणि सर्वांत निष्फळ रूप आहे, असे तो म्हणतो. एकटा माणूस चोरी करतो, एकटाच पकडला जातो, आणि व्यवस्थेला ओरखडाही उठत नाही. कामगार शहाणे झाले तेव्हा त्यांनी संघटना बांधल्या.

डच अभ्यासक विलेम बोंगर याने १९०५ मध्ये हा धागा पुढे नेला. दारिद्र्यामुळे गुन्हे होतात, इतके म्हणून तो थांबला नाही. तसे असते तर श्रीमंतांच्या गुन्ह्यांचा उलगडा झाला नसता. नफ्यासाठी एकमेकांवर मात करायला शिकवणारी व्यवस्था सगळ्याच वर्गांत आपमतलबीपणा पेरते, असे त्याचे म्हणणे. गरिबाचा आपमतलबीपणा खिसा कापतो, श्रीमंताचा ताळेबंद फिरवतो. तुरुंगाचे दार मात्र बहुधा पहिल्यासाठीच उघडते. बोंगर पुढे ॲम्स्टरडॅम विद्यापीठात प्राध्यापक झाला. १९४० च्या मे महिन्यात नाझी फौजा हॉलंडमध्ये शिरल्या तेव्हा त्यांच्या राज्यात जगण्यापेक्षा त्याने मरण पत्करले.

शिक्षेकडेही मार्क्सवाद्यांनी याच नजरेने पाहिले. गेओर्ग रूशे आणि ओटो किर्शहायमर यांचे १९३९ चे पुस्तक सांगते की, शिक्षेचे स्वरूप मजुरांच्या बाजाराप्रमाणे बदलत आले आहे. माणसांची टंचाई असते तेव्हा राज्याला कैद्याचे हात हवे असतात. ॲम्स्टरडॅममध्ये १५९६ साली उघडलेल्या सुधारगृहात कैद्यांना ब्राझीलचे कठीण लाकूड किसायला बसवत, त्या भुकटीपासून रंग बनत असे. माणसे मुबलक आणि मजुरी स्वस्त झाली की कैद्याच्या श्रमाला किंमत उरत नाही, आणि त्याच्या जिवालाही. या पुस्तकातली दुसरी गोष्ट आजही तुरुंगाबाहेरच्या समाजाविषयी बरेच सांगते. तुरुंगातले जिणे बाहेरच्या सर्वांत गरीब माणसाच्या जिण्याहून वाईटच ठेवावे लागते, नाहीतर तुरुंगाची भीती राहणार नाही. म्हणून बाहेरच्या गरिबाची स्थिती सुधारल्याशिवाय तुरुंग सुधारत नाहीत.

ज्याला खून म्हटले जात नाही

एंगल्सने कामगारवर्गावरच्या आपल्या त्याच पुस्तकात ‘सामाजिक खून’ ही कल्पना मांडली. एकाने दुसऱ्याला ठार मारले तर तो खून. पण एखादी व्यवस्था शेकडो माणसांना अशा परिस्थितीत ठेवते की ती अकाली मरणारच, आणि हे ठाऊक असूनही ती परिस्थिती तशीच राहू देते, तेव्हा तोही खूनच आहे, फक्त त्यात मारेकरी दिसत नाही.

या कल्पनेचा अर्थ समजायला भारतीय वाचकाला मँचेस्टरला जावे लागत नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री भोपाळमध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला आणि हजारो माणसे मेली. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती, वायू जाळून टाकणारा मनोरा जोडणीतून काढलेला होता. सुरुवातीला आरोप सदोष मनुष्यवधाचा होता आणि त्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा होती. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याच्या कलमापर्यंत खाली आणला. ७ जून २०१० रोजी, म्हणजे पंचवीस वर्षांनी, सात भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना लगेच जामीनही मिळाला. दुसरीकडे आपल्या देशातल्या कैद्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश कैदी अजून गुन्हा सिद्धच न झालेले कच्चे कैदी आहेत. त्यांतल्या कित्येकांना जामीन मंजूर होतो, पण जामिनाची रक्कम भरायची ऐपत नसते. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की वर्ग आणि कायदा यांचे नाते समजायला आणखी सिद्धान्त लागत नाही.

बॉनपासून सह्याद्रीपर्यंत

ऱ्हाइनच्या जंगलाचा आपल्या जंगलांशी थेट संबंध आहे. १८६४ मध्ये ब्रिटिश सरकारने भारताचा पहिला वन महानिरीक्षक नेमला तो डीट्रिख ब्रँडिस हा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ. त्याचा जन्म १८२४ चा, बॉनचा. मार्क्सने आपले विद्यापीठीय शिक्षण सुरू केले ते याच गावात. झाडे मोजून, आखून, राखून लाकूड वाढवण्याचे जर्मन शास्त्र ब्रँडिसने इथे आणले. १८७८ चा वन कायदा होत असताना मोठा वाद झाला. जंगल संपूर्णपणे सरकारच्या हाती असावे, लोकांचे वापर हे हक्क नसून सवलती आहेत, असे बेडन-पॉवेल या अधिकाऱ्याचे मत होते. गावांसाठी काही जंगले राखावीत, लोकांचे रूढ हक्क मानावेत, असे खुद्द ब्रँडिस सांगत होता. कायदा झाला तो बेडन-पॉवेलच्या वळणाचा.

त्याचा जाच महाराष्ट्रात लगेच जाणवला. महात्मा फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगल खात्याने गावची कुरणे गिळल्याची आणि शेतकऱ्याच्या शेरडाकरडांना चारा पारखा झाल्याची तक्रार कळवळून मांडली आहे. फुले मार्क्सचे अनुयायी नव्हते. कोलोनच्या तरुण संपादकाने जे पाहिले ते त्यांनी आपल्या शेतकऱ्याच्या बांधावर उभे राहून पाहिले. पुढे १९३० मध्ये बिळाशी, पुसद, चिरनेर अशा ठिकाणी लोकांनी ठरवून जंगलात शिरून गवत आणि लाकूड कापले. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या अक्कादेवीच्या माळावर गोळीबार झाला आणि माणसे मेली. वहिवाटीचा हक्क चोरी ठरतो तेव्हा चोरी हाच सत्याग्रह होतो, हे इथल्या लोकांनी दाखवून दिले.

याहून भयंकर होता तो १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. त्याने कृती सोडून जन्मालाच गुन्हा ठरवले. मीठ, धान्य, गुरे घेऊन गावोगाव फिरणारे, शिकार करणारे, खेळ करणारे भटके समूह रेल्वे, मिठाचे कायदे आणि जंगलबंदी यांनी आधीच उपजीविकेला मुकले होते. आता त्यांना पोलिसांची हजेरी लागली. १९११ मध्ये हा कायदा मुंबई इलाख्याला लागू झाला. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली, आणि आत डांबलेल्या माणसांचे हात शहरातल्या गिरण्यांना मिळाले. इंग्लंडचे भटके, फटके आणि सक्तीची मजुरी यांची साखळी इथे पुन्हा जुळली, फक्त तिच्यात जातीची कडी अधिक होती. ऑगस्ट १९५२ मध्ये कायदा रद्द झाला. तरी विमुक्त म्हटल्या गेलेल्या या माणसांच्या पालावर चोरी झाली की पहिली धाड पडतेच. लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ वाचणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. वर्गाच्या चौकटीतून हा अनुभव पुरता कळत नाही, हेही तिथेच उमगते. इथे माणसाला भूक जितकी गुन्हेगार ठरवते, तितकीच जात.

प्रश्न मार्क्सच्या वारसांनाही

ज्या विचाराची ताकद आपण मान्य करतो, त्याच्या उणिवाही तितक्याच स्पष्टपणे पाहायला हव्यात. मालमत्ता समाजाची झाली की गुन्ह्याचे मूळच खुडले जाईल, अशी आशा अनेक मार्क्सवाद्यांना होती. सोव्हिएत संघात जमीन समाजाची झाली. ७ ऑगस्ट १९३२ रोजी स्टालिनच्या राजवटीने समाजाच्या मालमत्तेच्या रक्षणासाठी हुकूम काढला. सामूहिक शेतातले धान्य उचलणाऱ्याला गोळी घालायची, आणि दया दाखवायचीच असेल तर किमान दहा वर्षे कैद. दुष्काळाचे दिवस होते. कापणी झालेल्या शेतात सरवा वेचणाऱ्या बायकाही या हुकमात सापडल्या. लोकांनी त्याला ‘कणसांचा कायदा’ असे नाव दिले. काटक्या वेचणाऱ्यांची बाजू घेऊन ज्याने लेखणी उचलली, त्याच्याच नावाने चालणाऱ्या राज्यात कणसे वेचणाऱ्यांना गोळ्या घालण्यात आल्या. कायदा आणि बाजार यांचे नाते उलगडणारा सोव्हिएत विधिज्ञ पाशुकानीस यालाही १९३७ मध्ये ठार करण्यात आले. सत्ता एकवटली की मालकाचे नाव बदलून भागत नाही, हा त्यातला धडा आहे.

दुसरी उणीव अधिक रोजची आहे. गरिबीतले बहुसंख्य लोक चोरी करत नाहीत, आणि चोरी होते तेव्हा तिची पहिली झळ गरिबालाच बसते. झोपडपट्टीत गेलेला मोबाइल, मजुराच्या पगाराच्या दिवशी कापलेला खिसा, दारुड्या नवऱ्याची मारहाण, यांत बंड कुठलेच नाही. खुद्द मार्क्स आणि एंगल्स यांनी समाजाच्या तळातल्या गुंडपुंडांना कधी क्रांतिवीर मानले नाही. असे लोक पैशासाठी कुणाच्याही बाजूने लाठी उचलतात, असेच ते म्हणत आले. नंतरच्या काही अभ्यासकांना मात्र त्यांच्यात नायक दिसू लागले. १९८४ मध्ये ब्रिटनच्या जॉन ली आणि जॉक यंग यांनी आपल्याच डाव्या मित्रांना ठणकावले की, कामगार वस्तीतल्या माणसाला गुन्ह्याची भीती खरीच वाटते आणि तिला उत्तर देणे डाव्यांचे काम आहे.

तिसरी गोष्ट थॉम्पसनने सांगितली. ब्लॅक ॲक्टचा इतिहास लिहिताना त्याने त्या कायद्याची वर्गीय क्रूरता पुराव्यानिशी मांडली, पण शेवटी एक वेगळे मत नोंदवले आणि त्याबद्दल त्याच्यावर टीकाही झाली. कायदा फक्त धनिकांचे हत्यार असता तर कुणी त्याला मानलेच नसते. तो न्याय्य दिसावा यासाठी त्याला कधीकधी खरोखर न्याय्य वागावे लागते, आणि तेव्हा तो सत्तेचेही हात बांधतो. म्हणून कायद्याचे राज्य ही गमावण्याजोगी गोष्ट नाही.

गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने थॉम्पसनचे म्हणणे खरे करून दाखवले. १९२७ च्या वन कायद्यात बांबूची गणना झाडात होत होती, त्यामुळे तो वन खात्याचा. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्याला गौण वनोपज मानले आणि ऐतिहासिक अन्याय झाल्याचे आपल्या उद्देशिकेतच कबूल केले. मेंढ्याच्या ग्रामसभेने कायदा वाचला, समजून घेतला, आणि २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. तरी आपल्याच बांबूच्या वाहतुकीचे परवाने मिळवायला त्यांना एप्रिल २०११ पर्यंत झगडावे लागले. त्यानंतर परवाने ग्रामसभेच्या सहीने निघू लागले. ज्या कृतीसाठी त्यांच्या आज्यांना वनरक्षकाने पकडले असते, तीच आता गावाचे उत्पन्न झाली.

बांबू तोच, जंगल तेच, तोडणारे हातही त्याच माणसांचे. बदलले ते एवढेच की कायदा होताना आणि राबवताना त्या माणसांना जागा मिळाली. मार्क्सची सर्वांत टिकाऊ देणगी हीच समजावी. कुठलाही कायदा पुढे आला की विचारायचे: याने कुणाची कोणती वहिवाट अपराध ठरते आहे? कुणाचे नुकसान मोजले जाते आहे आणि कुणाचे मोजलेच जात नाही? तो करताना सभागृहात कोण बसले होते? या प्रश्नांनी चोरी माफ होत नाही. पण चोर ठरवण्याचा अधिकार कुणाच्या हातात आहे हे कळते, आणि तो अधिकार वाटून घेण्याचा लढा लोकशाहीत कायद्याच्या चौकटीत राहून लढता येतो आणि जिंकताही येतो.